दोघांची पोटदुखी

लिही, की तुझ्या आजोबांच्या पोटात एकतीस वर्षं दुखतंय, आणि त्यातली तीस वर्षं माझ्या पोटात दुखतंय. त्यांच्या दुखण्याची जाडजूड फाइल आहे, फोटो आहेत, रक्ताचे कागद आहेत. माझं दुखणं कुठल्या मशीनमध्ये दिसलं नाही. पण होतं, आणि त्यांच्याहून जोरात होतं. हसतेस काय, लिही पुढे. आणि मी बोलते तसंच लिही, मधेच पुस्तकातलं घालू नकोस.

तुझे आजोबा काटे दुरुस्त करायचे. पायात मोडतात ते नव्हे, वजनाचे. सगळे त्यांना काटेवालाच म्हणायचे. दुकान म्हणजे एक लांबट खोली, दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं. छताला आकडे, आकड्यांना तराजू टांगलेले, वारा आला की सगळी पारडी एकदम डुलायची. भिंतीला लागून लोखंडी वजनं, मोठ्यापासून अंगठ्याएवढ्यापर्यंत, शाळेतली पोरं रांगेत उभी करावीत तशी. आणि दारात तो उभा काटा, गोल तबकडीचा, माणूस चढेल एवढा. तोच, ज्याच्यावर तू लहानपणी उड्या मारायचीस आणि हे ओरडायचे, अगं स्प्रिंग आहे ती, घोडा नाही. किराणावाला, भंगारवाला, सोनार, सगळे यायचे. ह्यांचा हात लागला की काटा सरळ.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊकच आहे. पण आकडा येतो. तो ह्यांनीच शिकवला, त्या तबकडीवर. लग्नाला आठवडा झाला असेल, मी दुकानात डबा घेऊन गेले. तर म्हणाले, चढ बघू. चढले बिचारी. समोर भंगारवाला उभा. आणि हे मोठ्यानं, "सत्तेचाळीस किलो तीनशे."

माझा चेहरा असा झाला! बाहेर आल्यावर म्हटलं, "अहो, चारचौघांत बायकोचं वजन सांगतात का?"

"मग काय खोटं सांगू?"

"वरचे तीनशे तरी सोडायचे."

"तीनशे सोडले तर मग काटा कशाला हवा, हातानं उचलून सांगितलं असतं."

असा माणूस. काटेकोर हा शब्द ह्यांच्यासाठीच काढला असणार कुणीतरी. एकदा एक किराणावाला आला, हळूच म्हणाला, जरा पासंग लावून द्या आतल्या बाजूनं, दिसणार नाही असा. पासंग माहितेय का तुला? तुमच्या वेळी नाही राहिला. तराजूचं एक पारडं दुसऱ्यापेक्षा हलकं पडलं, की त्याला खालून एक लहानसा तुकडा बांधतात, धातूचा, दगडाचा, कशाचाही. मग दोन्ही सारखी दिसतात. खरं तर काटाच नीट करायला हवा, पण लोक आळस करतात. आणि लबाड माणूस मुद्दाम बांधतो. ह्यांना पासंगाचा भारी राग. त्या किराणावाल्याला दुकानाच्या पायरीखाली उतरवलं. म्हणाले, "काढायला ये, फुकट काढून देईन. घालायला आलास तर याद राख."

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढं लागणार आहे.

तर चाळिशी उलटली आणि ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. जेवण झालं की अर्ध्या तासानं सुरू. इथं, फासळ्यांच्या खाली, आणि तिथून आरपार पाठीत. सरळ बसवायचं नाही. पुढं वाकून टेबलावर डोकं टेकायचे, तसंच पडून राहायचे. रस्त्यावरनं जाणाऱ्यांना काय दिसणार? काटेवाला भरदुपारी पिऊन पालथा पडलाय. झालं, सगळीकडे बोभाटा. आणि हा माणूस चहासुद्धा अर्धा कप पिणारा!

एके दिवशी उलट्या थांबेनात म्हणून मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "घेता का?" हे नाही म्हणाले. थोड्या वेळानं परत, "थोडीफार?" नाही. तिसऱ्यांदा विचारलं तशी मी म्हटलं, "घेत असेन तर मी घेत असेन, हे नाहीत घेत." तेव्हा कुठं थांबले. मग सांगितलं, की पोटात मागच्या बाजूला एक अवयव असतो, स्वादुपिंड, त्याला सूज आलीय. कुणाकुणाचं कारण सापडतच नाही. ही सूज उतरेल, पण तो अवयव आता पहिल्यासारखा व्हायचा नाही. परत परत येणार. तेलकट बंद, लोणी बंद, मलई बंद, जेवणाबरोबर गोळ्या कायमच्या. स्वादुपिंड! नाव बघ कसं लाडाचं ठेवलंय, आणि काम काय, तर माणसाच्या तोंडची चव पळवायची.

त्या पहिल्या वेळी हे मला सगळं सांगायचे. फार दुखतंय गं. कुणीतरी आत पिळतंय गं. आणि मी ऐकायचे आणि रडायचे. काय करणार दुसरं? तुझी आई दहा वर्षांची, तिला शेजारी ठेवलेली.

आठ महिन्यांनी दुसऱ्यांदा भरती केलं, आणि ती आली.

चष्मेवाली. सिस्टर होती त्या वॉर्डात. असेल अठ्ठावीस वर्षांची, उंच, बारीक, चष्म्याला काळी दोरी, चालताना बूट वाजायचे. ह्यांचा पलंग खिडकीजवळचा. तिनं भरतीच्या वेळी ह्यांना वॉर्डातल्या वजनाच्या मशीनवर उभं केलं. एवढं दुखत असताना हे खाली बघून म्हणतात काय, "सिस्टर, तुमचा काटा सहाशे ग्रॅम जास्त दाखवतोय."

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, गप बसा काका. हिनं दुसऱ्या वॉर्डातलं मशीन आणून ताडून पाहिलं. सहाशेच निघाले! मग काय विचारता. काका हुशार, काकांचा हात सोन्याचा. तीन दिवसांनी दुखणं जरा उतरलं, तर मी जाऊन बघते, हाताला सलाइनची सुई, आणि हा माणूस पलंगावर बसून तिचं मशीन उघडून स्क्रू फिरवतोय. आणि ती शेजारी उभी राहून बघतेय, जसा काही विमान दुरुस्त करतोय. माझ्या स्वयंपाकघरातला काटा दोन वर्षं बिघडून पडला होता. त्याला ह्यांचा वेळ नव्हता.

आणि मला काय म्हणायची ठाऊक आहे? काकू! मी पस्तिशीची, ती अठ्ठाविसाची, आणि मी काकू.

तिथली तऱ्हा अशी होती, की आधी तोंड पूर्ण बंद, पाणीसुद्धा नाही, नुसती सलाइन. मग घोटभर पाणी. मग सूप, कोरडा टोस्ट, उकडलेला बटाटा. ती म्हणायची, "काका, दोनच घोट," तर दोनच घोट घ्यायचे, तिसरा नाही. माझ्या घरी तोच बटाटा समोर ठेवला की तोंड वाकडं! तिचा टोस्ट मात्र असा चावून चावून खायचे, की बघणाऱ्याला भूक लागावी. मी डोळ्यांनी बघत होते ना.

आणि रोजचं एक ठरलेलं. ती पलंगाशी यायची, पडदा जरासा ओढायची, खाली वाकायची आणि हळू आवाजात विचारायची, "किती?"

हे म्हणायचे, "सात."

ती कागदावर लिहायची आणि जायची.

पहिल्या दिवशी मला वाटलं असेल काही औषधाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत. "आज किती?" "आठ." मी मान लांब करून तिच्या कागदात पाहिलं, आठच लिहिलेला, स्वच्छ. म्हटलं, हे कसले आकडे? ह्यांना विचारलं, "काय विचारत होती?" तर म्हणाले, "काही नाही गं, रोजचंच." काही नाही म्हणजे नक्की काहीतरी! "आणि दुखतंय कसं?" "छे, आता बरंच कमी आहे."

घरी येऊन थोरल्या जाऊबाईंना सांगितलं. त्या शेजारच्याच खोलीत राहायच्या, आणि असल्या बाबतीत त्यांचं डोकं फार जोरात चालायचं.

"आठ म्हणाले?" जाऊबाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "अगं वेडे, वेळ ठरवतायत."

"कसली वेळ?"

"भेटायची! काल सातला भेटले, आज आठला. तुम्हा लोकांना सहाला बाहेर काढतात ना तिथून? मग?"

"अहो जाऊबाई, सलाइन लावलेला माणूस जाणार कुठं?"

"ती येते ना चालत," जाऊबाई म्हणाल्या. "भावोजींच्या पोटात दुखतंय ते कळलं. तुझ्या पोटात दुखायची वेळ आलीय आता, बघ बाई."

त्या संध्याकाळी मी ठेवणीतले कपडे घालून दवाखान्यात गेले, केसबिस नीट विंचरून. सहाला बाहेर काढलं, तशी जिन्याशेजारच्या बाकावर बसून राहिले. भिंतीवर घड्याळ होतं. साडेसात झाले. पावणेआठ. आठाला पाच कमी असताना चष्मेवाली आतून आली ती घरचे कपडे घालून, केस सोडवून परत बांधलेले, खांद्याला पिशवी. म्हटलं आता जाईल घरी, जाईल बाई जिन्यानं. तर ती वळली आणि सरळ वॉर्डात! बरोबर दुसरी एक सिस्टर होती, पण मला ती दिसलीच नाही. मला फक्त चष्मा दिसत होता.

मी मागोमाग. पडद्याच्या ह्या बाजूला उभी राहिले.

ती वाकली. "काका, किती?"

हे म्हणाले, "सहा."

बाई गं! आठाची वेळ पाळली आणि वर उद्या सहाची ठरवली! माझा तोल गेला. पडदा ओढला आणि म्हटलं, "सहाला काय आहे? मला पण कळू दे, सहाला काय आहे?"

सगळा वॉर्ड उठून बसला. शेजारच्या पलंगावर एक ट्रक चालवणारा होता, पाय मोडलेला, तो कोपरावर उठून बघायला लागला. चष्मेवाली चष्मा वर करून माझ्याकडे बघतेय. दुसऱ्या सिस्टरच्या हातातला कागद तसाच. मग ह्यांना हळूहळू समजलं. आणि हसायला लागले. पोट धरून हसायला लागले, कळ येतेय तरी हसतायत. "अगं, हसवू नकोस, परत आठावर जाईल."

चष्मेवालीनंच सांगितलं मला. की काकू, घरी जाताना मी पुढच्या सिस्टरला पेशंट दाखवून जाते. आणि दुखणं किती आहे ते आकड्यात विचारायचं असतं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे याच्यापुढं सहनच होणार नाही. त्यावर औषध ठरतं. काका सकाळी आठ म्हणाले होते, आता सहा म्हणतायत.

ट्रकवाला म्हणाला, "वहिनी, माझा पाच आहे. मला विचारायला पण या उद्या." त्याला काय, मोडक्या पायाची करमणूक झाली.

मी पण हसले तिथं. तोंड लपवून का होईना, हसले. बसमध्ये बसले तेव्हाही हसत होते. आणि दोन थांबे गेल्यावर हसू पार उतरलं. सकाळी मी विचारलं होतं ना, दुखतंय कसं? "छे, बरंच कमी आहे." त्याच सकाळी, तिला आठ.

आता सांग, भेटायची वेळ ठरवली असती तर मी केस ओढून भांडले असते आणि मोकळी झाले असते. हे काय होतं? माणूस माझा, पोट माझ्या माणसाचं, आणि त्यातला खरा आकडा तिच्या कागदावर. मला काय, तर छे.

घरी आणल्यावर मी पण सुरू केलं. सकाळ-संध्याकाळ, अगदी तिच्यासारखं वाकून, "किती?"

"दोन."

दुसऱ्या दिवशी? "दोन." पुढच्या आठवड्यात? "एक. नाही, दोन." काटा दुरुस्त करणाऱ्याचा काटा दोनावर अडकलेला! आणि दर चार-सहा महिन्यांनी परत भरती, परत ती, परत पडदा. "किती?" "सात." "किती?" "आठ." माझ्यासमोर! मी तिथंच उभी, पाण्याचा पेला हातात धरून. मी रागानं बघितलं की हे खिडकीबाहेर बघायचे.

जाऊबाई म्हणायच्या, "तुझा कितीवर गेलाय?" म्हणजे माझी पोटदुखी हं. मी म्हणायचे, दहा.

असं तीन-साडेतीन वर्षं चाललं. मग तो दिवस आला. सकाळी विचारलं, तर म्हणाले, "तीन." चेहरा उतरलेला वाटला, पण तीनच तर आहे. जाऊबाईंची दाढ ठणकत होती, त्यांच्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे गेले. तिथं ही रांग. दुपार झाली. परत येते तो दुकानाचं शटर अर्धं खाली. वाकून आत शिरले, आणि हे त्या उभ्या काट्यावर. गुडघे जमिनीवर, छाती फळीवर, कपाळ खांबाला टेकलेलं. अंग गार, घाम, ओठ राखेसारखे. मी हाक मारली तर ओ नाही. आणि तुला खोटं वाटेल, माझी नजर वर तबकडीवर गेली. सुई एकतीस किलोवर. अर्धा माणूस काट्यावर, अर्धा जमिनीवर. ती सुई अजून दिसते मला.

भंगारवाल्यानं टेम्पो काढला, त्यातच घातलं. दवाखान्याच्या दारात चष्मेवाली धावत आली, बूट वाजवत. ह्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, किती?" ह्यांचे ओठ हलले. ती ओरडली, "नऊ!" आणि आत नेलं.

तासाभरानं बाहेर आली ती माझ्यावरच. "काकू, दोन दिवस असं दुखत असणार त्यांना. घरी ठेवलंत कसं तुम्ही?"

"मला तीन सांगितलं होतं," मी म्हटलं.

"मला नऊ सांगितलं."

झालं! साडेतीन वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "तुलाच सांगणार! तुला आठ, तुला नऊ, आणि मला दोन न् तीन. तू कोण गं त्यांची? काय लागतेस तू?"

मला वाटलं ही आता चिडेल. ती चष्मा काढून पुसत बसली, त्याच्याशिवाय तिचे डोळे अगदी लहान दिसत होते. म्हणाली, "काही लागत नाही काकू. म्हणून तर सांगतात. तुम्ही ऐकून रडता. मी ऐकून इंजेक्शन देते."

मी मान खाली घालून बाकावर जाऊन बसले. आयुष्यात एकदाच असं झालंय, लिहून ठेव.

चार दिवस ते काचेच्या खोलीत होते. मी बाहेर बाकावर. माझं एकच चाललेलं मनात, की परत एकदा असा तीन आला आणि मी परत दाढ दाखवायला गेले, तर? त्या खोट्या आकड्यानं माझा माणूस जाईल, आणि खरा आकडा दुसरीच्या कागदावर राहील.

पाचव्या दिवशी वॉर्डात आणलं, त्याच खिडकीशी. तोंड बंदच होतं, पण बोलत होते थोडं. मी खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "आज खरं सांगितल्याशिवाय मी उठणार नाही. मला खोटं का सांगता? भंगारवाल्यापुढं माझे तीनशे ग्रॅम सोडले नाहीत, आणि इथं सहा-सहा सोडता?"

मग म्हणाले, "पहिल्या वेळी खरं सांगितलं होतं तुला. तू तीन दिवस जेवली नाहीस. अडीच किलो उतरलीस."

"तुम्ही कधी मोजलंत?"

"मोजायला काय लागतं. चालताना दिसलं मला." आणि म्हणाले, "तेव्हापासून तुझ्या बाजूला पासंग लावला."

पासंग! ज्या माणसानं किराणावाल्याला पायरीखाली उतरवलं, त्या माणसानं! मला रडू पण येत होतं आणि एक ठेवून द्यावीशी पण वाटत होती.

"केवढा लावला?" मी म्हटलं.

"पाचाचा."

"आणि त्या दिवशी? तीनात पाच घातले तर आठ होतात. तिला नऊ सांगितला."

"सकाळी आठच होता. दुपारी नऊ झाला, तेव्हा तू नव्हतीस." बघ, मरता मरता वाचलेला माणूस, हिशेब चुकू देईल?

"काढून टाका तो आजच्या आज."

"एकदम नाही निघणार गं. इतक्या वर्षांचा आहे. तोंडातून तसंच जातं." आणि मग अगदी दुकानात बोलतात तसं, "पण पाचाचाच आहे. कमीजास्त केला नाही कधी. तू तेवढा धरून चाल."

बस, मला तेवढं पुरे होतं. अक्षर येत नाही मला, बेरीज येते. त्या दिवसापासून एक म्हणाले की मी बोटं मोजायची, सहा, आज नुसतं सूप. दोन म्हणाले, सात, डॉक्टरला फोन. तीन म्हणाले की टेम्पो! हे ओरडायचे, "अगं तीनच आहे," आणि मी पिशवी भरून दारात. त्यानंतर कधी काचेच्या खोलीत जावं लागलं नाही. दोन दिवस, तीन दिवस सलाइन, आणि घरी. डॉक्टर म्हणायचे, वेळेवर आणता तुम्ही. मी चष्मेवालीकडे बघायचे.

तरी पोटदुखी गेली नव्हती हं माझी. तिला सरळ आकडा मिळायचा, आणि मला बोटं मोजावी लागायची.

असंच दीडेक वर्ष गेलं. एके दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. हे दारात येऊन उभे राहिले, चौकट धरून, वाकलेले. मी विचारलं पण नव्हतं. आपणहून म्हणाले, "आठ."

आठ! मी बोटं मोजली, एका हाताची संपली, दुसऱ्या हाताची संपली, परत पहिल्यावर आले. तेरा! दहाच्या पुढं तर काही नसतंच असं ती म्हणाली होती. माझ्या हातातनं पातेलं पडलं. तशीच ओल्या हातांनी, बिनचपलेची धावले, भंगारवाल्याला हाका मारत, तेरा, तेरा! जाऊबाई बाहेर आल्या आणि काही न विचारता रडायलाच लागल्या. टेम्पोत ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं. हे काहीतरी पुटपुटत होते. मी म्हटलं बोलू नका हो, काही बोलू नका. तर चिडले. दात आवळून म्हणाले, "अगं, आठ म्हणजे आठ."

"आणि पाच?"

"काढला."

टेम्पोत मी एवढी रडले, की भंगारवाल्याला वाटलं गेले. गाडी थांबवून बघायला आला बिचारा.

दवाखान्यात पोचलो. चष्मेवाली आली, वाकली. "काका, किती?"

ह्यांनी डोळे मिटले होते. बोट उचललं आणि माझ्याकडे केलं. "हिला सांगितलाय."

ती माझ्याकडे वळली, पेन उघडून. मी सरळ उभी राहिले. अंगावर घासणीचा साबण, पायात चपला नाहीत. म्हटलं, "आठ. बिनपासंगाचा."

"बिन काय?" तिनं विचारलं.

मी नाही सांगितलं तिला. सगळंच का सांगायचं?

आता संपलं म्हणशील. नाही, एक राहिलंय. गेल्या वर्षी चष्मेवाली नोकरीतून निवृत्त झाली आणि पत्ता शोधत आपल्याकडे आली. तू शाळेत होतीस. केस पांढरे, अंगानं भरलेली, चष्म्याची दोरी तीच. बोललो, चहा झाला, ह्यांचा अर्धा कप. जाताना तिला पुढच्या खोलीत दुकानातून आणून ठेवलेला तो उभा काटा दिसला. म्हणाली, "काका, तुम्ही सांगायचात तो काटा हाच का?" आणि चढली.

हे चष्मा लावून वाकले, आणि म्हणाले, "सहासष्ट."

मी मागं उभी होते. सुई साडेएकोणसत्तरवर! साडेतीन किलो खाल्ले ह्या माणसानं, माझ्या डोळ्यांदेखत, गालातल्या गालात हसत. ती खूश होऊन उतरली. "वाटलं त्यापेक्षा कमीच आहे."

ती गेल्यावर मी काही न बोलता काट्यावर चढले. हे वाकले. "एकसष्ट किलो आठशे."

"आठशे?"

"आठशे."

मी उतरले आणि कपबशा उचलायला लागले, जरा जास्तच आवाज करत. हे मागून आले, अगदी तिच्यासारखे कानाशी वाकले, आणि हळूच विचारलं, "किती?"

मी म्हटलं, "दोन."

ह्यांनी बोटं मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच.

"म्हणजे सात," म्हणाले, आणि कपबशा माझ्या हातातून घेतल्या.